परसबागेतील पाखरे आणि खारी : राखण बागेची की फळाची?

परसबागेविषयीच्या आपल्या मार्गदर्शक पुस्तिकांमध्ये मावा, तुडतुडे, फळमाशी आणि भुरी यांना प्रत्येकी एक स्वतंत्र परिच्छेद मिळतो. पाखरे आणि खारी यांची बोळवण मात्र ‘जाळी लावावी’ एवढ्या दोन शब्दांत होते. जाळी कोणती, तिच्या छिद्राचे माप काय, ती केव्हा चढवावी व केव्हा उतरवावी, याविषयी अवाक्षर नसते. मग लोक बाजारात मिळेल ती नायलॉनची जाळी आणतात आणि झाडावर सैल टाकून देतात. खार ती जाळी कुरतडून आत शिरते, बुलबुलाचे पाय तिच्यात गुरफटतात आणि कधीकधी उंदरांवर जगणारी धामणच तिच्यात अडकून मरते. फळे गेली ती गेलीच. त्यानंतर चिडलेल्या मनाने विषारी दाणे, चिकट सापळे किंवा जहाल कीटकनाशक यांच्याकडे वळणे सोपे होते.

हा क्रम थांबवायचा असेल, तर आपण देत असलेल्या सल्ल्याची दिशा बदलावी लागेल, असे माझे मत आहे. परसबागेत राखण करावयाची ती फळाची, आणि तीही ते फळ धोक्यात असते तेवढ्या दोन-तीन आठवड्यांपुरती. सबंध बागेचा वर्षभर बंदोबस्त करण्याची कल्पना खर्चीक आहे, निष्फळ आहे आणि कीड व्यवस्थापनाच्या दृष्टीने तोट्याची आहे.

भिलाईचे उदाहरण

हा प्रश्न समजून घेण्यास भिलाईइतके सोयीचे ठिकाण क्वचितच सापडेल. सोव्हिएत संघाशी १९५५ मध्ये करार होऊन येथे पोलाद कारखाना उभा राहिला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. कारखान्याबरोबर सेक्टरांची वसाहत वाढली आणि क्वार्टरांच्या मागे-पुढे मोकळी जागा राहिली. विदर्भातून आलेल्या मराठी कुटुंबांनी आणि देशाच्या इतर भागांतून आलेल्यांनी त्या जागेत पेरू, आंबा, सीताफळ, पपई, केळी, शेवगा आणि कढीपत्ता लावला. साठ-पासष्ट वर्षांत रस्त्यांवरील झाडे जुनी झाली. त्यांच्या ढोलींमध्ये राघू आणि साळुंक्या घरटी करतात, आणि एका परसातून दुसऱ्या परसात जाण्यास खारीला जमिनीवर उतरण्याचीही गरज उरत नाही.

वसाहतीबाहेर पडले की दुर्ग जिल्ह्यातील गावे लागतात. तेथे घरामागील बाडी हा हौसेचा विषय नसून रोजच्या भाजीचा आणि आठवडी बाजारातील चार पैशांचा आधार आहे. छत्तीसगढ शासनाने २०१९ पासून राबविलेल्या ‘नरवा, गरुवा, घुरवा, बाडी’ या कार्यक्रमात बाडीला स्वतंत्र स्थान मिळाले ते याच कारणाने. क्वार्टरमधील निवृत्त कर्मचाऱ्याचे चार पेरू गेले तर हळहळ वाटते. बाडीतील पपईची सहा झाडे रिकामी झाली तर त्या घराचा हिशेब बिघडतो. सल्ला देताना हा भेद विसरून चालणार नाही.

याच प्रदेशात दिवाळीच्या सुमारास स्त्रिया धानाने भरलेल्या टोपलीत मातीचा राघू ठेवून सुआ नृत्य करतात, आणि नव्या धानाच्या लोंब्यांची गुंफलेली झालर पाखरांसाठी दाराशी टांगतात. तिला ‘चिरई चुगनी’ म्हणतात. पाखराचा वाटा मान्य करणारी ही रीत आहे. मात्र तो वाटा किती आणि कोठे, हे येथे घरधनी ठरवतो. आपल्या शास्त्रीय शिफारशीतही हाच विवेक असावयास हवा.

प्रथम ओळख, मग उपाय

कीटकशास्त्राचा पहिला धडा असा की नुकसान कोणी केले हे कळल्याशिवाय उपाय सुचवू नये. परसबागेत हा धडा हमखास मोडला जातो. दिवसा खार दिसते, म्हणून रात्रीचे नुकसानही तिच्याच माथी मारले जाते.

राघू हिरवे, अर्धकच्चे फळही तोडतो, थोडे खातो आणि उरलेले खाली टाकतो; झाडाखाली चोचीने कापलेली कच्ची फळे पसरलेली दिसली की संशय त्याच्यावर घ्यावा. बुलबुल आणि साळुंकी पिकलेल्या भागालाच चोच मारतात. टोमॅटो, पपई, अंजीर यांवर वेडेवाकडे खड्डे पडतात आणि फळ झाडावरच राहते. खारीच्या कुरतडण्यात पुढच्या दातांच्या जोडीच्या समांतर खुणा दिसतात. फलाहारी वटवाघूळ रात्री येते आणि चघळलेल्या गराचा चोथा खाली टाकते. उंदीरही रात्रीच येतो. त्याचे काम बहुधा जमिनीलगतच्या फळांवर असते, परंतु तो झाडावर चढत नाही असे समजू नये.

काही नुकसान तर पाखरांचे वा खारींचे नसतेच. पेरूवर टाचणीने टोचल्यासारखा ठिपका, भोवती मऊ डाग आणि आत अळ्या, ही फळमाशी होय. डाळिंबाला वाटोळे छिद्र आणि त्यातून बाहेर आलेली घाण विष्ठा, हे फळ पोखरणाऱ्या अळीचे काम. संत्रे, मोसंबी व डाळिंबावर सुईएवढे छिद्र आणि त्याभोवती कुजलेला भाग दिसल्यास रात्री टॉर्च घेऊन पाहावे. रस शोषणारे मोठे पतंग तेथे सापडण्याची शक्यता असते. अशी किडकी फळे पाखरे नंतर फोडतात. घरधन्याला मात्र फक्त पाखरू दिसते. म्हणून विस्तार कार्यकर्त्याने पहिल्या भेटीत जाळीचा विषय न काढता पडलेली फळे गोळा करून कापून पाहावीत. त्या पाच मिनिटांत अर्धा प्रश्न सुटतो.

जमाखर्चाचे दोन रकाने

भारतातील पक्ष्यांच्या आहाराचा पहिला मोठा अभ्यास कीटकशास्त्रज्ञांनी केला, ही गोष्ट आमच्या विद्याशाखेतही फारशी सांगितली जात नाही. सी. डब्ल्यू. मेसन आणि एच. मॅक्सवेल-लेफ्रॉय यांनी पुसा येथील कामावर आधारलेला ‘द फूड ऑफ बर्ड्स इन इंडिया’ हा ग्रंथ १९१२ मध्ये प्रसिद्ध केला. पक्ष्यांच्या जठरात प्रत्यक्ष काय सापडते ते पाहून कोणता पक्षी शेतीला किती उपकारक व किती अपायकारक, याचा विचार त्यांनी केला. शंभराहून अधिक वर्षे लोटली तरी ती पद्धत योग्यच आहे : प्रत्येक जातीचे खाते वेगळे मांडावे.

साळुंकीचे खाते पाहू. तिच्या शास्त्रीय प्रजातिनामाचा, अक्रिडोथेरिसचा, अर्थच ‘टोळांचा शिकारी’ असा आहे. तांबड्या टोळांचा बंदोबस्त करण्यासाठी १७६२ मध्ये भारतातून साळुंक्या मॉरिशसला नेण्यात आल्या. जैविक कीड नियंत्रणाच्या इतिहासात हे आरंभीचे उदाहरण म्हणून शिकविले जाते. तीच साळुंकी परक्या भूमीत पुढे उपद्रवी ठरली, हेही तितकेच खरे. परंतु आपल्या परसात ती मूळची रहिवासी आहे आणि वर्षातील बहुतेक दिवस गवतातील नाकतोडे व अळ्या टिपत असते. चिमणी दाणे खाते, पण पिलांना प्रामुख्याने कीटक भरवते. सातभाई पालापाचोळा उलथून हुमणी व इतर अळ्या शोधतात. कोतवाल उडते कीटक पकडतो. हरभऱ्यातील घाटेअळीसाठी पक्षी थांबे उभारण्याची शिफारस आपण करतो ती त्याच्यासारख्या पक्ष्यांच्या भरवशावरच. एकीकडे शेतात पक्षी थांबे उभारावयाचे आणि घरामागे त्याच पक्ष्यांवर सरसकट जाळे टाकावयाचे, हे विसंगत आहे. चीनमध्ये १९५८ पासून चिमण्यांचा संहार करण्यात आला आणि १९६० मध्ये शत्रूंच्या यादीतून चिमणी वगळून तिच्या जागी ढेकूण घालावा लागला. त्या घटनेचा धडा एवढाच की एकच रकाना भरून हिशेब पूर्ण होत नाही.

तथापि, या विवेचनातून सगळीच पाखरे शेतकऱ्याची मित्र आहेत असा भाबडा निष्कर्ष काढू नये. राघू जवळजवळ पूर्णपणे वनस्पतींवर जगतो. कीड नियंत्रणाच्या जमेच्या बाजूस त्याच्या नावावर फारसे काही नाही. खार अधूनमधून कीटक खाते, परंतु कोवळ्या कळ्या, बिया आणि फळे यांचे तिने केलेले नुकसान त्याहून पुष्कळ मोठे असते. तेव्हा परसबागेत खरी राखण लागते ती मुख्यतः या दोघांपासून. बुलबुल, साळुंकी यांचा काही वाटा सोसणे बहुधा फायद्याचेच ठरते.

किती सोसावे, याला आपल्याकडे ‘आर्थिक नुकसानीची पातळी’ हा शब्द आहे. स्टर्न व त्यांच्या सहकाऱ्यांनी ही संकल्पना १९५९ मध्ये मांडली. कीड दिसली म्हणून उपाय करावयाचा नसतो. होणारे नुकसान उपायाच्या खर्चापेक्षा अधिक होऊ लागले म्हणजे करावयाचा असतो. बाडीत हा हिशेब रुपयांत मांडता येतो. हौसेच्या बागेत तो घरच्यांनी आपसांत ठरवावा, पण हंगामाआधी ठरवावा; पहिले फळ फुटल्यावर रागाच्या भरात ठरवू नये.

फळाची राखण म्हणजे नेमके काय

पहिला उपाय फुकटाचा आहे, तो म्हणजे वेळेवर काढणी. आंबा, पेरू, सीताफळ, पपई, केळी आणि टोमॅटो ही फळे काढणीनंतर पिकतात. पाडाचा आंबा उतरवून अढी घालणाऱ्या आपल्या आजी-आजोबांना हे शास्त्र ठाऊक होते. पपईवर पहिली पिवळी रेघ, टोमॅटोच्या बुडाशी फिकट गुलाबी छटा, सीताफळाचे डोळे उघडून मधल्या भेगा फिकट होणे, पेरूचा गडद हिरवा रंग उतरणे, या अवस्थेत फळ घरात आणले तर चवीत फारसे उणे पडत नाही आणि पाखरांच्या मुख्य आकर्षणाचा काळच टळतो. डाळिंब, द्राक्ष, संत्रे, मोसंबी यांना हा नियम लागू नाही. ती झाडावरच तयार व्हावी लागतात, म्हणून राखणीचा खर्च त्यांच्यासाठी राखून ठेवावा.

दुसरा उपाय पिशवीचा. पेरू लिंबाएवढा झाला की त्यावर कागदाची किंवा विरळ कापडाची पिशवी बांधावी. हीच पिशवी फळमाशीलाही अंडी घालू देत नाही. एका श्रमात दोन शत्रू आवरले जातात, म्हणून परसबागेसाठी मी हिला सर्वांत वरचे स्थान देईन. पावसाळ्यात कागद भिजून फाटतो. तेव्हा कापड वापरावे. बांधण्यापूर्वी देठाशी पिठ्या ढेकूण नाही याची खात्री करावी, अन्यथा त्याला आपण सुरक्षित घरच बांधून देतो. खारीने मनावर घेतले तर ती कापड कुरतडते, हे मान्य करावे लागेल. अशा झाडावरील निवडक फळांसाठी बारीक तारेच्या जाळीची पिशवी शिवून घ्यावी. ती कित्येक हंगाम टिकते. मक्याच्या कणसांसाठी तर पिशवीही नको. दाणे दुधात येताच शेजारची हिरवी पाने कणसाभोवती गुंडाळून ठेवण्याची पद्धत पक्ष्यांवरील संशोधनातून शिफारस झालेली आहे आणि ती बाडीतील दोन-चार ओळींना सहज जमते.

तिसरा उपाय खोडाचा. कोकणात नारळावर उंदीर चढू नये म्हणून खोडाला पत्र्याचा पट्टा बसवतात. एकट्या उभ्या असलेल्या पेरूला किंवा आंब्याला माणसाच्या उंचीवर असा हात-दीड हात रुंद गुळगुळीत पट्टा बसविला तर खारीची चढण थांबते. अट एकच : भिंत, छप्पर, तार किंवा शेजारच्या झाडाची फांदी उडीच्या अंतरात नसावी. म्हणजे पट्ट्याच्या आधी कोयता चालवावा लागतो. खोड जाड होत जाते, तेव्हा पट्टा दरवर्षी सैल करावा.

चौथा उपाय जाळीचा. तो शेवटी येतो हे हेतुपुरस्सर आहे. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात १ सप्टेंबर २०२१ पासून घरगुती फळझाडांवरील जाळीचे छिद्र पूर्ण ताणल्यावरही ५ मि.मी. × ५ मि.मी. पेक्षा मोठे नसावे, असा नियम आहे. जाळीतून बोट आरपार गेले तर ती जाळी नको, अशी त्याची सोपी कसोटी. आपल्याकडे असा नियम नाही, पण ही कसोटी आजपासून आपल्या शिफारशीत घालण्यास कोणाची परवानगी लागत नाही. जाळी पांढरी असावी, म्हणजे पाखराला दिसते. ती बांबूच्या सांगाड्यावर ताणून बसवावी आणि तिची कड जमिनीशी मातीने वा विटांनी दाबावी. फळधारणा झाल्यानंतरच ती चढवावी, नाहीतर दोडका, भोपळा, काकडी यांच्या फुलांवर येणाऱ्या मधमाश्या व भुंगे बाहेर राहतील. सकाळ-संध्याकाळ एक फेरी मारून काही अडकले नाही ना हे पाहावे, आणि शेवटचे फळ निघाले की जाळी घडी करून ठेवावी. नुकत्याच पेरलेल्या मेथी-वाटाण्याच्या वाफ्यांना तर जाळीचीही गरज नाही. उगवण होईपर्यंत बोरी-बाभळीच्या काटक्या पसरल्या तरी होले आणि चिमण्या दाणे उकरत नाहीत.

जे करू नये

बुजगावणे, चकाकत्या तबकड्या आणि दोन्ही बाजूंस वेगळ्या रंगाच्या चमकदार फिती यांचा उपयोग होतो, पण थोडे दिवस. पाखरे त्यांना सरावतात. म्हणून फळ पिकू लागताच त्या लावाव्यात, दोन-तीन दिवसांनी जागा बदलावी आणि काढणी संपताच उतरवाव्यात. वर्षभर टांगलेल्या फितीला कोणी भीत नाही.

मिरचीच्या पाण्याची फवारणी पक्ष्यांसाठी व्यर्थ आहे. मिरचीतील तिखट द्रव्याची आग सस्तन प्राण्यांना जाणवते, पक्ष्यांना नाही. राघू मिरची आवडीने खातो ते यामुळेच. खारीवर तिचा थोडा परिणाम होईल, तोही पुढच्या पावसापर्यंत. माणसाला ऐकू न येणारा ध्वनी काढून पाखरे पळविण्याचा दावा करणारी यंत्रे विकत घेऊ नयेत. पक्ष्यांनाही तो ध्वनी ऐकू येत नाही.

विषाचा मार्ग पूर्णपणे वर्ज्य मानावा. राघू, साळुंकी, बुलबुल यांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ चे संरक्षण आहे. त्यांना मारणे वा पकडणे हा गुन्हा ठरू शकतो. कायदा क्षणभर बाजूला ठेवला तरी ज्या वाफ्यातील कोथिंबीर आपण धुऊन कच्ची खातो त्यात विषारी दाणे टाकणे हा अविचार आहे. मोनोक्रोटोफॉसचा भाजीपाल्यावरील वापर २००५ पासून प्रतिबंधित आहे, तरीही ‘पाखरे येत नाहीत’ म्हणून ते फवारण्याचा सल्ला एखाद्या दुकानाच्या काउंटरवर आजही कानी पडतो. पाखरे येत नाहीत याचे कारण ती मेलेली असतात, हे त्या शेतकऱ्याला स्पष्ट शब्दांत सांगणे आपले काम आहे. चिकट सापळ्यात उंदराबरोबर खार, पाल आणि चिमणीही तडफडते. उंदरांसाठी झिंक फॉस्फाइडचे आमिष वापरावे लागलेच, तर ते बिळात किंवा झाकलेल्या डब्यात ठेवावे. उघड्यावर कधीही ठेवू नये.

अपेक्षा

दुर्ग-रायपूर परिसरात संशोधनसंस्थांची वाण नाही. रायपूरचे इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालय, बरोंडा येथील राष्ट्रीय जैविक ताण प्रबंधन संस्थान आणि पाटणजवळ सांकरा येथील उद्यानिकी व वानिकी विश्वविद्यालय ही सारी काही तासांच्या अंतरात आहेत. एकाच सेक्टरातील ओळीने असलेल्या परसांमध्ये वेळेवर काढणी, पिशवी आणि ताणलेली जाळी यांची तुलना दोन हंगाम केली, तर सबंध मध्य भारताला लागू पडेल अशी शिफारस देता येईल. नागपूर, भंडारा, गोंदिया येथील परसबागांची झाडे व पाखरे जवळपास हीच आहेत. त्यामुळे महाराष्ट्रातील कृषी विज्ञान केंद्रांनीही यात सहभागी व्हावे.

संशोधनाची वाट पाहत बसण्याचे मात्र कारण नाही. परसबागेच्या पुढील प्रत्येक पुस्तिकेत एक पान या विषयाला द्यावे : नुकसानीच्या खुणा, फळनिहाय काढणीची अवस्था, पिशवीचे माप आणि वेळ, जाळीची बोटाची कसोटी. प्रगतिशील शेतकऱ्यांनी या हंगामात निदान एका झाडावर कोणत्या तारखेस, कोणी, किती फळे खराब केली याची साधी वही ठेवावी आणि ती आपल्या विस्तार कार्यकर्त्याला दाखवावी. अशा शंभर वह्या जमल्या तर कोणत्या फळाची राखण किती दिवस करावी लागते, हे आपल्याला अंदाजाने सांगावे लागणार नाही.